नमुना क-१७

१२ नोव्हें., बुध.

थंडी पडून राहिली. नाकात ब्रश घालायचा म्हटलं की लोक आधीच शिंकतात. सकाळपासून सात नमुने झाले.

उमरेडकडचे एक बुढे आले, कोळसा खाणीतून रिटायर. मी फॉर्म घेऊन समोर. विडी, सिगारेट? "नाही बाप्पा! कधीच नाही." बोटं पाहिली तं पिवळी जर्द. म्हटलं, काका, हे बोट काय हळदीच्या कार्यक्रमातून उचलून आणलं? हसले. मग दाराकडे पाहत हळूच, "दिवसाच्या चार-पाच, साहेब. लेकीले नका सांगू, बाहेर बसली आहे."

तृप्ती बाजूले होती. आमच्या छाती विभागाच्या मॅडमची पीएच.डी.ची पोट्टी, हा सगळा अभ्यास तिचाच. धुरानं श्वासनळीतल्या जीनची चाल कशी बदलते, आणि कॅन्सरचा धोका कोणाले आहे हे त्यावरून आधी कळते काय. श्वासनळीत जे होते तेच थोडंफार नाकात दिसते, म्हणून नाकातला ब्रश. मी नुसता टेक्निशियन. ब्रश फिरवतो, फॉर्म भरतो. पण माणूस ओळखणं तिले मीच शिकवलं. सांगतील त्याच्या दुप्पट धरायचं वं. चार-पाच म्हणजे दहा. मग फुंकणीत फुंकायले लावायचं. (धुराचा गॅस मोजायचं मशीन, आम्ही फुंकणीच म्हणतो.) तोंड खोटं बोलते, फुंकणी नाही बोलत.

दुपारी बर्डीच्या बाजारात. हॉस्पिटलच्या गेटवर तीन पानठेले आहेत, पण मी गाडी काढून मेट्रोच्या खांबामागच्या ठेल्यावर जातो. इज्जतीचा सवाल. ओढायचा शर्ट डिक्कीत वेगळा. नंतर हात धुणे, इलायची, संत्र्याची साल बोटांवर चोळणे. हिवाळ्यात सोय चांगली होते, उन्हाळ्यात लिंबावर भागवावं लागते. एकतीस वर्षं झाली, कोणाले पत्ता नाही. एके काळी याचा अभिमान वाटत होता. काय भैताड माणूस.

आज फु. ५. (फु. म्हणजे फुंकल्या. बायको, मंजू, ही वही कधी उघडत नाही, तरी पुरा शब्द लिहवत नाही.)

१९ नोव्हें., बुध.

बाहेरच्या लॅबमधून रिपोर्ट आले. तृप्ती नाचायचीच बाकी होती. कॉम्प्युटरवर मोठं रंगीत चित्र लावलं, उभे पट्टे, साडीच्या काठासारखं. एक पट्टा म्हणजे एक माणूस.

"काका, जीन तेच असतात. कोणता किती चालू, कोणता किती मंद, ते धुरानं बदलते. हे लाल पाहा. विष मोडणारे जीन. ओढणाऱ्याच्या नाकात ओव्हरटाइम करून राहिले. आणि हे निळे. श्वासनळीत बारीक लव असते न, कचरा वर ढकलत राहते, तिचे. ते थंडे पडले."

गट तीन. क म्हणजे कधीच न ओढलेले, स म्हणजे सोडलेले, च म्हणजे चालू. क वाले सगळे शांत, फिके. त्यांच्या मधात एक पट्टा लालभडक. च वाल्याइच्या वरताण. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं. "हा कोण शहाणा घुसला इथं? क-१७."

त्या ट्यूबवर क-१७ मीच लिहिलं होतं. आतला ब्रश माझ्याच नाकातला.

जुलैत निरोगी लोक कमी पडले होते. मॅडम म्हणाल्या, स्टाफपैकी ज्यांनी कधीच ओढली नाही त्यांनी नमुना द्या. सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. तंबाखूविरोधी दिवसाचं भाषण दरसाली मीच ठोकतो न. कोणत्या तोंडानं नाही म्हणू? फॉर्मवर "कधीच नाही"वर टिक केली. मनात म्हटलं, एवढ्या लोकाइमध्ये एक मी, काय फरक पडते.

नावांची यादी मॅडमच्या कपाटात, सीलबंद. नंबरावरून माणूस कोणाले कळत नाही. मले कळते.

फु. ६.

२१ नोव्हें., शुक्र.

मॅडमनी दोघांना बोलावलं. दार लावायले सांगतलं तेव्हाच समजलो.

"तृप्ती, ट्यूबा बदलल्या आहेत. कधीच न ओढलेल्या माणसाचं असं चित्र येणार नाही. जुलैत त्या दिवशी स्टाफचे, पेशंटचे मिळून सोळाही नमुने तुझ्या हातून गेलेत."

"मॅडम, मी दोनदा नंबर पाहते."

"आणि रजिस्टरमध्ये स्टाफच्या फुंकणीपुढे रेघ का आहे? सही तुझी आहे."

रेघ. ती माझी करामत. जुलैत पोट्टी मशीन घेऊन आली होती, मीच म्हटलं, आपल्याच लोकाइले काय फुंकायले लावतं वं, शोभते काय. काका म्हणाले म्हणून तिनं रेघ मारली, सही केली.

आज तिनं माझ्याकडे पाहिलं. काका सांगतील म्हणून. मॅडमनीही विचारलं, "सुधाकर, तुम्ही होतात ना तिथे?"

मी म्हटलं, "होतो मॅडम. त्या दिवशी गर्दी खूप होती."

एवढंच बोललो. त्यात खोटं एक अक्षर नाही, गर्दी होतीच. मॅडमनी मान हलवली, म्हणजे गर्दीत या पोरीच्या हातून घोळ झाला. तृप्तीनं मान खाली घातली. माझ्याकडे परत पाहिलं नाही.

बावन्न वर्षांचा घोडा मी. ती माझ्या लेकीपेक्षा दोन वर्षांनी मोठी.

फु. ६. नाही, ७.

२५ नोव्हें., मंगळ.

कँटीनमध्ये तर्री-पोहे. तृप्ती समोर येऊन बसली. डोळे सुजलेले, पण डोकं चालून राहिलं होतं.

"काका, ट्यूब बदलली असती तं च मध्ये एखादा शांत पट्टा दिसायले पाहिजे होता न? क मधला तिकडे गेला असता. मी सगळे पाहिले. एकही नाही. म्हणजे अदलाबदल झालीच नाही. कोणीतरी खोटं सांगतलं."

म्हटलं, मॅडमले सांग.

"सांगतलं. त्या म्हणतात, त्या दिवशीचे क सगळे आपल्या स्टाफचे आहेत. छातीच्या विभागात काम करणारी माणसं याच्यात खोटं कशाला बोलतील."

मग ती बोटांवर नावं घेऊन राहिली. सिस्टर? नाही. क्लार्क? त्यांना तं धुराचा दमा. वॉर्डातले मामा? "मामा तंबाखूचा खर्रा खातात काका, पण ओढत नाहीत, हो न?" मी हो म्हटलं. माझं नाव तिनं घेतलंच नाही. पाचही बोटं संपली, माझं नाव नाही आलं. एखादी शिवी घातली असती तं सोसलं असतं. पोहे तसेच टाकून उठलो.

२ डिसें., मंगळ.

अभ्यासावर नजर ठेवणाऱ्या कमिटीचा निरोप आला. त्या दिवशीची सगळी बॅच बाद करा, सोळाही. नवीन जमवा. तृप्तीची फेलोशिप मार्चपर्यंत. सोळा माणसं शोधायची, पाठवायचं, रिपोर्ट यायचे, चार महिने कुठीच नाही गेले. म्हणजे तीन वर्षांचं काम अर्धं राहून पोट्टी घरी.

दुपारी तिचे वडील आले, उमरेडवरून बसनं. हातमागावर साड्या विणतात. मले हात जोडले. माझ्यापेक्षा वयानं मोठे, तरी हात जोडले.

"पोरीकडून चूक झाली म्हणतात, साहेब. आमच्याकडे एक धागा चुकला तं आम्ही सगळी साडी उसवत नाही. तो धागा कुठून आला ते पाहतो. तुम्ही जुने आहात इथले, मॅडमले बोलून पाहा न."

"पाहतो," म्हटलं. धागा त्यांच्यासमोर खुर्चीत बसला होता, चहा पिऊन राहिला होता.

फु. ६.

११ डिसें., गुरु.

आज सांगायचंच म्हणून मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी वर पाहिलं, "बोला सुधाकर." म्हटलं, मॅडम, नमुन्यांच्या खोलीतला एसी आवाज करून राहिला. त्या म्हणाल्या, बरं, कम्प्लेंट टाका. बाहेर आलो, कम्प्लेंट टाकली. मेकॅनिक येऊन गेला. एसी एकदम ठीक आहे म्हणे.

१४ डिसें., रवि.

भाऊ आठवून राहिला. दोन आठवड्यांनी त्याचं दुसरं वर्षश्राद्ध.

माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पहिली सिगारेट त्याच्याच पाकिटातली. कॉलेजचे दिवस, मैदानावर वारा, माझी काडी विझून विझून जायची. त्यानं हात धरून शिकवलं, दोन्ही तळवे असे, काडी आत, मान वाकव, आता ओढ गा. मग मी या हॉस्पिटलात लागलो आणि शहाणा झालो. घरी सगळ्यांसमोर त्याले झाडायचो. भाऊ, रोज पाहतो मी काय होते ते, सोड. तो ऐकून घ्यायचा. मी केव्हाच सोडली असं त्याले वाटायचं. वहिनी आणि मंजूच्या लेखी तं मी कधी शिवलीच नाही.

लहान्यानं सांगतलं म्हणून त्यानं सोडली. खरंच सोडली. तीन वर्षांनी गाठ निघाली.

मागे एकदा तृप्तीले सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, सोडल्यावर सगळं वापस येते काय? ती म्हणाली, "बरंचसं येते काका, काही महिन्यांतच. काही जीन मात्र वर्षानुवर्षं नाही येत. धोका कमी होतो, पण जातच नाही असा. म्हणून तं सोडलेल्याइचाही पट्टा पाहून राहिलो आपण."

वॉर्डात भाऊनं माझा हात धरला होता. "मले उशीर झाला गा. तू बरं केलं, लवकर सोडली." मी हो भाऊ म्हटलं. आणि खाली पार्किंगमध्ये येऊन पेटवली. तीच, त्याची लांबवाली.

फु. ४. रविवार आहे, घरी असल्यावर जमत नाही.

२७ डिसें., शनि.

आज जे झालं ते लिहावं की नाही.

भाऊकडे वर्षश्राद्ध. पंधरा-वीस माणसं. पान वाढलं, त्याच्या आवडीचं सगळं. वडे, खीर, तिखट झुणका. आमच्याकडे माणूस जे खात-पीत होता ते सगळं त्याच्या पानाजवळ ठेवतात. चहाचा कप ठेवला. एक मावशी म्हणाली, सिगारेट राहिली न वं. वहिनी म्हणाल्या, "तिनंच नेलं त्यांना. पण जीव होता तिच्यावर. ठेवा एक." मग माझ्याकडे वळून, "भाऊजी, तुम्हीच आणा. तुम्हाले कुठून माहीत असन म्हणा, कोणती ओढत होते ते."

कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून आणली. बरोब्बर तीच आणली.

आणि वहिनी सगळ्यांना सांगून राहिल्या, "दोघं एका आईचे. पण सुधाकर भाऊजींनी कधी तोंडाले लावली नाही. यांनी ऐकलं असतं तं."

मग पेटवून ठेवायची वेळ आली. अंगणात वारा. काडी लावली, विझली. दुसरी लावली, विझली. सिगारेट अशी नुसती टोकाले काडी लावून पेटत नाही, ओढावी लागते. जो ओढत नाही त्याले हे माहीत नसते. तिसऱ्या काडीले मले कळलंही नाही. तळवे आपोआप तसे झाले, मान वाकली, सिगारेट ओठात. एक झुरका. नीट, आत. नाकातून धूर सोडला.

खोकला नाही आला. खोकला यायले पाहिजे होता.

डोळे उघडले तं समोर मंजू. ती माझ्या हातांकडे पाहत होती, तोंडाकडे नाही. बाकीचे पानाकडे पाहून हात जोडून होते. वहिनी पदर डोळ्याले लावून होत्या, त्यांनी पाहिलं की नाही, देव जाणे. मी सिगारेट भाऊच्या पानाजवळ ठेवली. ती मस्त जळून राहिली.

ऑटो धरमपेठले पोचला. मंजू रस्त्याकडे पाहतच म्हणाली, "वाऱ्यात काडी धरायले कोणी शिकवलं तुम्हाले?"

"भाऊनं."

"मग ती संत्र्याची साल कोणी शिकवली? तुमच्या खिशात दर हिवाळ्यात निघते. मी म्हटलं, माणसाले वास आवडत असन."

घरी येऊन खिशातली साल फेकली.

३० डिसें., मंगळ.

मंजू बोलते, जेवायले वाढते. भाजी घेता काय, पोळी घेता काय. बस तेवढंच.

आज एकदा म्हणाली, "घरी लपवलं ते ठीक आहे, आम्ही घरचेच. बाहेर कोणाचं नुकसान तं नाही न केलं यापायी?" तिनं सहजच विचारलं. मग तिले तृप्तीचं सगळं सांगतलं. रेघ, गर्दी, क-१७, वडिलांनी हात जोडले ते. तिनं ताट बाजूले केलं.

"दुसऱ्याची लेक म्हणून काहीही काय? आपलीच्या जागी ठेवून पाहा न तिले."

८ जाने., गुरु.

सांगतलं.

केबिनमध्ये गेलो, खुर्चीत बसलो नाही. म्हटलं, मॅडम, क-१७ मी आहे. एकतीस वर्षं ओढतो. ट्यूब बरोबर होती. माणूस खोटा होता.

मॅडमनी चष्मा काढला. रागावल्या असत्या तं बरं झालं असतं. तो पुसत म्हणाल्या, "माझ्या स्टाफसाठी मी कमिटीसमोर छातीठोक बोलले, सुधाकर." मग तृप्तीले बोलावलं. तिले बसवून म्हणाल्या, बॅच राहील, क-१७ च मध्ये जाईल, कमिटीला मी लिहिते. "पण फुंकणीची चूक तुझी आहेच. ते मी तुझ्या फाइलवर घेणार."

इथं परत गप बसणार होतो. खरं सांगतो, बसणारच होतो. एक संकट टळलं न, आता कायले. तृप्ती मान खाली घालून "हो मॅडम" म्हणाली तेव्हा तोंडातून निघालं, "तेही मीच. मीच तिले नको म्हटलं होतं. आणि गर्दीचं बोललो ते तिच्यावर जावं म्हणूनच बोललो."

मॅडम म्हणाल्या, "यापुढे फॉर्म तुम्ही भरणार नाही. फक्त ब्रश."

बरोबर आहे. अठरा वर्षं लोकाइचं खोटं पकडून राहिलो होतो त्या खुर्चीत बसून.

९ जाने., शुक्र.

माझा फॉर्म नव्यानं भरायचा होता. तृप्तीनंच भरला, नियमानं समोरासमोर. तीच खोली, तेच टेबल, मी पेशंटच्या खुर्चीत. तिचा आवाज कामाचा. कालपासून एकदाही काका म्हटलं नव्हतं.

"कधीपासून?"

"एकविसाव्या वर्षापासून."

"दिवसाच्या किती?"

"पाच-सहा."

तिनं लिहिलं नाही. पेन तसाच धरून बसली. मान वर केली, आणि मले दिसलं, ती मनात दुप्पट करून राहिली होती. जसं मी शिकवलं तसं.

म्हटलं, "बारा. कधी चौदा."

तिनं लिहिलं. मग फुंकणी दिली. फुंकलं. आकडा पाहून काही बोलली नाही, फिरवून मले दाखवला. मी इतक्या लोकाइले असाच दाखवला आहे, थोडं हसून. ती नाही हसली.

घरी येऊन ही वही चाळली. फु. ५, फु. ६, फु. ७, फु. ६. सगळे आकडे खोटे. कोणाले दाखवायची नाही ती वही, त्यातही अर्ध्याच लिहिल्या. कोणाची लाज वाटत होती मले इथं? सगळीकडे बाजूले दुप्पट करून ठेवले.

आज शेवटची. सकाळी नऊ वाजता, ठेल्यावर. आता नाही.

१३ जाने., मंगळ.

तृप्ती आली. दारातच उभी. "काका." (काका!) "एक विचारू? तुम्ही खरंच सोडून राहिले न? तं दोन महिन्यांनी परत ब्रश देसान काय? सोडायच्या आधीचं आणि नंतरचं, एकाच माणसाचं, असं आपल्याकडे एकही नाही. क-१७ चालू होता, मग सोडल्यावर कोणते वापस आले, कोणते नाही, सगळं दिसन. मॅडम म्हणतात, एवढं आलं तं फेलोशिप सहा महिने वाढवून मागता येईन."

म्हणजे जे मी बिघडवलं त्याच्यावरच पोट्टी बांधून राहिली. दहा मार्च तारीख ठरली.

बडीशेप खाऊन खाऊन जीभ सोलली. मंजूले विनाकारण ओरडलो. ती म्हणाली, "ओरडा. पण ठेल्यावर जाऊ नका."

३ फेब्रु., मंगळ.

पंचवीस दिवस.

मॅडमनी जबरदस्तीनं छातीचं सीटी स्कॅन करायले लावलं. भाऊची हिस्ट्री, एवढी वर्षं, ऐकूनच घेईनात. उजवीकडे एक बारीक ठिपका आहे. रेडिओलॉजीवाले म्हणतात, बहुतेक जुना डाग, सहा महिन्यांनी परत पाहू. बहुतेक. आजवर मी कितीक लोकाइले हा शब्द सांगितला असन, पाण्यासारखा. मंजूले "डाग" एवढंच सांगतलं. "बहुतेक" नाही सांगतलं.

तृप्तीले सांगतलं. तिनं विचारलं, घाबरले काय? म्हटलं, नाही. ती म्हणाली, दुप्पट धरू? हसलो दोघंही. खूप दिवसांनी.

१९ फेब्रु., गुरु.

वहिनींचा फोन. मंजूनं त्यांना सगळं सांगतलं म्हणे. त्या रडल्या नाहीत.

"त्या दिवशी अंगणात मी पाहिलं होतं भाऊजी. धूर सोडला तेव्हा तुम्ही अगदी यांच्यासारखे दिसले." मग म्हणाल्या, "सोडली न आता?"

"एक्केचाळीस दिवस झाले."

"बस. तेवढं ठेवा. यांच्यासाठी ठेवा."

काल वॉर्डातल्या मामांनीही खर्रा अर्धा केला म्हणे, माझं पाहून. लोक उगाच आदर्श करून टाकतात माणसाले. सवय आहे त्यांना. मले पण.

६ मार्च, शुक्र.

होळी झाली. छप्पन दिवस. छाती खरंच हलकी वाटते, जिने चढतांना दम लागत नाही. खोकला मात्र सुरू झाला. तृप्ती म्हणते, चांगलं आहे, लव जागी होऊन राहिली, कचरा काढून राहिली. एवढ्या वर्षांचा कचरा आहे, काढू दे.

तिच्या फेलोशिपचा अर्ज गेला. त्यात लिहिलं आहे, एका सहभागीचा सोडल्यानंतर दोन महिन्यांचा नमुना १० मार्चले अपेक्षित. तो सहभागी मी.

९ मार्च, सोम.

उद्या ब्रश.

आज दुपारी बर्डीले गेलो होतो, मंजूच्या ब्लाउजचं कापड आणायले. कापड घेतलं. मेट्रोच्या खांबामागे ठेला. मी थांबलो नव्हतो, पाय थांबले. ठेलेवाला म्हणाला, "दिसले नाही साहेब एवढ्यात," आणि न विचारता लांबवाली पुढं केली. एकोणसाठ दिवसांत पहिल्यांदा. शर्टही बदलला नाही.

फु. १.

नाही. फु. २. दुसरी अर्धी टाकून दिली हे लिहिणार होतो. पूर्ण ओढली.

फुंकणी उद्या पकडणार नाही. फारतर थोडा आकडा येईन, तेवढा गाड्यांच्या धुरानंही येते, मले माहीत आहे. फुंकणीले कसं फसवायचं हे माझ्यापेक्षा कोणाले माहीत असन? नाकात उतरलं असन तं ते कळन दोन महिन्यांनी, रिपोर्ट आल्यावर. एखादा पट्टा वापस यायले पाहिजे होता तो नाही आला म्हणून पोट्टी रात्रंदिवस आकडे तपासत बसन. मॅडम परत विचारतील, नमुना नीट हाताळला का. किंवा काहीच नाही कळणार. दोनच तं होत्या. पण लिहिल्या तं एकोणसाठ दिवस गेले, अर्जातली ओळ गेली, तिचे सहा महिने गेले. वहिनींचं "तेवढं ठेवा" गेलं. लिहिल्या नाहीत तं तिच्या कागदात परत एकदा मी.

तृप्तीनं फॉर्म आजच हातात दिला. खरं म्हणजे समोर बसवून भरायचा असते. म्हणाली, "काका, तुम्ही घरूनच भरून आणा. तुम्हाले काय विचारायचं आता." एवढा विश्वास काहून ठेवते ही पोट्टी? जुलैत मी जे तिले शिकवलं तेच ना हे, आपल्याच माणसाले काय फुंकायले लावायचं.

फॉर्म समोर आहे. नाव लिहिलं. वय लिहिलं. पत्ता लिहिला. चौथा प्रश्न, शेवटची सिगारेट केव्हा. पुढं तारखेचे चौकोन. अर्धा तास झाला.

मंजू कुकर लावून आली. ब्लाउजच्या कापडाचा वास घेतला तिनं, किंवा मले तसं वाटलं. घडी घालून ठेवलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "अहो, पेन चालत नाही काय? दुसरा देऊ?"

म्हटलं, "चालते."